टपावरचे ओझे आणि गाडीचा तोल

भरत हुण्णिमा जवळ आली की सप्तापुरातल्या आमच्या घरात एकच लगबग सुरू होते. सौंदत्तीच्या यल्लम्माला जायचे असते. माझे माहेर कोल्हापूर जिल्ह्यातले, सासर धारवाडचे. माहेरी जी रेणुका, तीच सासरी यल्लम्मा. तिकडे ‘उदो गं आई’, इकडे ‘उधो उधो’. देवी एक, भाषा दोन आणि गाडीत बसणारी माणसे आठ. त्यात माझ्या सासूबाई (आमच्या घरी त्यांना सगळे ‘अत्ती’ म्हणतात), दोन जावा, तीन मुले आणि माहेराहून खास येणारे माझे मामा.

डोंगरावर चूल मांडून नैवेद्य करायचा, परडी भरायची, पाच सवाष्णी जेवू घालायच्या, हा आमच्या घरचा रिवाज. त्यामुळे पितळी हंडे, तांदूळ आणि जोंधळ्याच्या पिठाची पोती, ताडपत्री, अंथरुणे असे सगळे बरोबर न्यावे लागते. मागच्या वर्षी आमच्या भावजींनी गाडीच्या टपावर लोखंडी कॅरिअर बसवून घेतला. “वैनी, आता बघा, आत पाय पसरून बसायचं. सामान सगळं वर,” असे ते मोठ्या अभिमानाने म्हणाले. ‘वैनी’ हा आमच्या भागात दोन्ही भाषांना सामाईक असलेला शब्द. त्यात मान असतो आणि थोडी लाडीगोडीही असते.

सगळ्यांनी कॅरिअरचे कौतुक केले. मामा मात्र गाडीभोवती एक फेरी मारून आले आणि टपाकडे बघत म्हणाले, “जावईबापू, ओझं डोक्यावर घेतलेला माणूस पळत नाही. चालतो.”

मामा लंगडतात. का लंगडतात ते घरात सगळ्यांना ठाऊक आहे. उसाने भरलेली ट्रॉली उलटली तेव्हा त्यांचा पाय तिच्याखाली सापडला होता. म्हणून त्यांचे बोलणे कुणी हसण्यावारी नेले नाही. पण भावजींचा चेहरा उतरला. “दहा वर्षं गाडी चालवतोय की मी. एवढ्यानं काय होतंय?” ते म्हणाले.

खरेच, एवढ्याने काय होते? मी भाषेची माणूस. गणिताशी माझा संबंध दहावीनंतर सुटला. पण हा प्रश्न माझ्या डोक्यातून जाईना. टपावर सामान चढवले की गाडीचा तोल नेमका किती बिघडतो, हे मोजता येते का? दुसऱ्या दिवशी स्टाफरूममध्ये भौतिकशास्त्राच्या सरांना विचारले. ते म्हणाले, “मोजता येतं की. एक भुईकाटा पाहिजे आणि एक क्रेन. आणि भावजींनी रागवायचं नाही.”

केरसुणी, कपाट आणि जिना

आडवी केरसुणी एका बोटावर तोलून पाहा. बोट मधोमध ठेवले तर ती पडते. जड बाजूकडे थोडे सरकवले की एका जागी ती स्थिर राहते. जणू तिचे सगळे वजन त्या एका ठिकाणी गोळा झाले आहे. या जागेला मराठी पाठ्यपुस्तकात गुरुत्वमध्य म्हणतात, आमच्या मुलांच्या कन्नड पुस्तकात गुरुत्वकेंद्र. प्रत्येक वस्तूला तो असतो, मग ती केरसुणी असो, बैलगाडी असो वा बस. ग्रीसच्या आर्किमिडीजने सव्वादोन हजार वर्षांपूर्वी या विषयावर ग्रंथ लिहिला, इतका हा विचार जुना आहे.

गाडीचा गुरुत्वमध्य पुढून किती अंतरावर आहे हे काढणे सोपे. पुढची चाके काट्यावर घेऊन वजन करायचे, मग मागची चाके घेऊन करायचे. दोन आकड्यांवरून हिशोब होतो. अवघड आहे ती उंची. गाडी बोटावर तोलता येत नाही आणि आडवी पाडून बघताही येत नाही.

इथे सरांनी कपाटाचे उदाहरण दिले. लोखंडी कपाट आडवे करून दोघे जण जिन्यावरून उतरवत आहेत. दोघांनी ते तळाशी धरले आहे. सपाट जमिनीवर दोघांवर सारखे वजन. जिना सुरू झाला की खालच्या माणसाच्या तोंडून ‘अगं आई गं’ निघते, कारण त्याच्यावरचे वजन वाढते. आता कपाटाऐवजी पातळ फळी घ्या. जिन्यावरही दोघांवर जवळजवळ सारखेच वजन राहते. फरक कशाने पडला? कपाटाचा गुरुत्वमध्य दोघांच्या हातांच्या रेषेपेक्षा बराच वर होता, फळीचा त्या रेषेतच होता. गुरुत्वमध्य जितका वर, तितका उतारावर खालच्या माणसाचा भार जास्त.

म्हणजे खालच्या माणसाचा भार किती वाढला हे कळले तर कपाटाचा गुरुत्वमध्य किती उंच आहे हे सांगता येते. गाडीची उंची मोजण्याची युक्ती हीच आहे. खालचा माणूस म्हणजे पुढची चाके, वरचा माणूस म्हणजे मागची चाके, आणि खालच्या माणसाच्या पायाखाली वजनकाटा.

भुईकाट्यावरची सकाळ

एका रविवारी सकाळी, ट्रकांची वर्दळ सुरू होण्याआधी, आम्ही एका भुईकाट्यावर पोहोचलो. सर, त्यांचे चार विद्यार्थी, भावजी आणि वही घेतलेली मी. भावजींच्या ओळखीचा क्रेनवालाही आला. टपावरचा कॅरिअर आधी काढून ठेवला होता.

सरांनी तयारीवर बराच वेळ घालवला. टाकी काठोकाठ भरली, कारण अर्धवट टाकीतले तेल गाडी कलली की एका बाजूला वाहते आणि आकडा चुकवते. चारही टायरांत हवा ठरलेल्या दाबाची केली. आतले सुटे सामान काढले. स्प्रिंग दबून पुढचा भाग खाली बसू नये म्हणून पुढच्या स्प्रिंगांच्या जागी लाकडी ठोकळे घट्ट बसवले. गाडीत आणि गाडीखाली कुणीही नाही, हे सरांनी दोनदा पाहिले.

आधी गाडी सपाट. पुढची चाके काट्यावर, ७२० किलो. मागची चाके काट्यावर, ७८० किलो. एकूण १५०० किलो. पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मध्यांमधले अंतर, ज्याला गॅरेजवाले व्हीलबेस म्हणतात, ते टेपने मोजले. २५० सेंटिमीटर भरले. चाकाच्या मध्याची जमिनीपासून उंची ३२ सेंटिमीटर. डाव्या आणि उजव्या चाकांमधले अंतर १४० सेंटिमीटर.

मग पुढची चाके काट्यावर ठेवून क्रेनचा पट्टा मागच्या ॲक्सलला लावला. गिअर न्यूट्रलमध्ये ठेवला. पुढच्या चाकांपासून बोटभर अंतरावर लाकडी ठोकळे ठेवले. ते चाकाला टेकू द्यायचे नाहीत, फक्त गाडी निसटली तर अडवण्यासाठी. क्रेनने मागची बाजू अगदी सावकाश ६० सेंटिमीटर उचलली. काट्यावर आकडा हलला आणि थांबला. ७७५ किलो.

पुढच्या चाकांवर ५५ किलो वाढले होते. गाडीत कुणी बसले नव्हते, काही ठेवले नव्हते. फक्त मागची बाजू उचलली होती. भावजी काट्याच्या खिडकीपाशी उभे होते. “हे ५५ किलो आले कुठून?” त्यांनी विचारले. “मागच्या चाकांवरून पुढे आले,” सर म्हणाले. “तुमच्या कपाटानं खालच्या माणसाला त्रास दिला.”

तीनदा उचलून तीनदा आकडा घेतला. तिन्ही वेळा ७७५.

वहीतला हिशोब

हिशोब शाळेतल्या मुलालाही जमेल असा आहे. मागची चाके ६० सेंटिमीटर उचलल्यावर पुढच्या-मागच्या चाकांमधले आडवे अंतर २५० ऐवजी २४३ सेंटिमीटर राहते. ६० ला २४३ ने भागले की उताराचे प्रमाण येते, ०.२४७. आता वाढलेले वजन ५५ गुणिले व्हीलबेस २५०, म्हणजे १३,७५०. याला एकूण वजन १५०० गुणिले ०.२४७, म्हणजे सुमारे ३७०, याने भागायचे. उत्तर आले ३७. गुरुत्वमध्य चाकांच्या मध्यापेक्षा ३७ सेंटिमीटर वर. त्यात चाकाच्या मध्याची उंची ३२ मिळवली. जमिनीपासून ६९ सेंटिमीटर.

सरांनी लगेच एक इशाराही दिला. हा काटा पाच-पाच किलोंच्या टप्प्याने आकडा दाखवतो. पाच किलोंची चूक झाली तर उंचीत साडेतीन सेंटिमीटरांचा फरक पडतो. म्हणून ‘६९’ म्हणताना ‘साधारण ६६ ते ७२’ असे मनात धरायचे. कारखान्यांच्या प्रयोगशाळेत प्रत्येक चाकाखाली वेगळा, बारीक आकडा दाखवणारा काटा असतो, तो याचसाठी. मोजमाप म्हणजे नुसता आकडा नव्हे. तो आकडा किती विश्वासाचा आहे हेही सांगावे लागते. भाषेच्या माणसाला ही शिस्त मला फार आवडली.

आता टपावरचे सामान. कॅरिअर ४० किलोचा, वर ११० किलोचे सामान, एकूण १५० किलो. त्याचा मध्य जमिनीपासून साधारण दोन मीटरवर. १५०० किलो ६९ सेंटिमीटरवर आणि १५० किलो २०० सेंटिमीटरवर, दोन्हींची वजनाप्रमाणे सरासरी काढली. ८१ सेंटिमीटर आले. वजन दहा टक्केच वाढले होते, पण तोलाची जागा १२ सेंटिमीटर वर चढली होती. त्यात माणसे बसली की आणखी दोन सेंटिमीटर.

भावजी गप्प होते. “बारा सेंटिमीटर म्हणजे काय, एक वीत पण नाही,” ते हळूच म्हणाले.

घसरणे बरे, उलटणे वाईट

त्या बारा सेंटिमीटरांचा अर्थ कळायला आणखी एक भागाकार करावा लागतो. डाव्या-उजव्या चाकांमधल्या अंतराचे अर्धे घ्यायचे आणि त्याला गुरुत्वमध्याच्या उंचीने भागायचे. आमच्या रिकाम्या गाडीचे अर्धे अंतर ७० आणि उंची ६९, उत्तर १.०१. टपावर सामान चढवल्यावर ७० भागिले ८१, म्हणजे ०.८६. माणसे बसल्यावर ०.८४.

हा आकडा काय सांगतो? वळणावर गाडीला बाहेर ढकलणारा जोर तिच्या वजनाच्या कितव्या भागाइतका झाला की ती उलटेल, हे सांगतो. अमेरिकेच्या रस्ता-सुरक्षा खात्याने २००१ च्या मॉडेलांपासून याच आकड्यावरून गाड्यांना उलटण्याच्या धोक्याचे तारे द्यायला सुरुवात केली. बसक्या मोटारींचा आकडा साधारण १.३ ते १.५ असतो. उंच जीपगाड्यांचा त्याहून कमी.

आता टायरचा विचार करा. कोरड्या डांबरी रस्त्यावर टायरची पकड वजनाच्या साधारण ०.७ ते ०.८ पट असते. म्हणजे आकडा १.०१ असलेली गाडी सपाट डांबरावर वळणात जोरात घेतली तर उलटण्याआधी आडवी घसरेल. घसरणे वाईटच, पण उलटण्यापेक्षा बरे. आकडा ०.८४ वर आला की घसरणे आणि उलटणे यांच्यात फार थोडे अंतर उरते. त्यातच चाक दगडाला, दुभाजकाला किंवा कडेच्या मऊ मातीला अडकले, तर घसरायला जागाच मिळत नाही. चाक अडते आणि वरचे ओझे पुढे जाते. शिवाय हा हिशोब गाडी लाकडी ठोकळ्यासारखी ताठ धरून केलेला आहे. प्रत्यक्षात स्प्रिंग दबतात, टायर वाकतात, गाडी बाहेरच्या बाजूला झुकते. त्यामुळे खरा आकडा याहून कमीच असतो.

मोठमोठ्या कंपन्यांनाही हा धडा महागात शिकावा लागला आहे. ऑक्टोबर १९९७ मध्ये स्वीडनमधल्या एका मोटार मासिकाने मर्सिडीजच्या नव्या छोट्या ए-क्लास गाडीची चाचणी घेतली. रस्त्यात अचानक मोठे सांबर आडवे आले तर चालक जसा एकदम डावीकडे आणि लगेच उजवीकडे वळेल, तशी ती चाचणी. गाडी उलटली. जगभर चर्चा झाली. कंपनीने काही काळ गाड्या देणे थांबवले, खालची बांधणी सुधारली आणि तोल सावरणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा सगळ्या ए-क्लास गाड्यांना बसवली. आपल्याकडे २०२३ मध्ये सुरू झालेल्या भारत एनकॅप चाचणीतही तीन किंवा जास्त तारे मिळवायचे तर अशी यंत्रणा गाडीत असावी लागते. पण गाडी कितीही तारांकित असली, तरी टपावर पितळी हंडे चढवले की जुने गणित परत येते.

मामांची ट्रॉली

त्या संध्याकाळी मी मामांना फोन करून हे सगळे सांगितले. ते बराच वेळ ऐकत राहिले. मग म्हणाले, “माझ्या ट्रॉलीचं काढ की गं.”

मामांनी माप आठवणीने सांगितले. ट्रॉलीच्या दोन बाजूंच्या चाकांत साधारण १६० सेंटिमीटर. ऊस बाजूच्या फळ्यांच्याही वर रचलेला, म्हणून गुरुत्वमध्य जमिनीपासून १८० सेंटिमीटर धरला. ८० भागिले १८०, म्हणजे ०.४४. टायरच्या पकडीच्या जवळपास निम्मा. अशी ट्रॉली वळणात आधी घसरत नाही. ती सरळ उलटते. चालकाला इशारा मिळत नाही.

शेताच्या वाटेवरून सडकेला लागताना १५ मीटर त्रिज्येचे वळण घेतले, तर सपाट जागी ही ट्रॉली ताशी २९ किलोमीटरला उलटू शकते. पण सडकेच्या कडेला एका बाजूची चाके डांबराखाली २० सेंटिमीटर उतरली की ती आधीच सात अंश कललेली असते. तेवढ्यानेच मर्यादा ताशी २४ किलोमीटरवर येते. ट्रॉली मोकळी असताना मामांनी हेच वळण हजार वेळा घेतले होते. ट्रॅक्टर तोच, वाट तीच, हात तोच. फक्त ओझ्याची उंची बदललेली.

“म्हणजे मी जोरात नव्हतो,” मामा म्हणाले. इतकी वर्षे गावात ‘पोरगं जोरात होतं’ असेच बोलले जायचे. “नाही मामा, तुम्ही जोरात नव्हता. ओझं उंच होतं आणि कडा खचलेली होती.” पलीकडून थोडा वेळ काहीच आवाज आला नाही.

इथे एक गोष्ट नोंदवायला हवी. स्वीडनने १९५९ पासून नव्या ट्रॅक्टरांवर चालकाचे रक्षण करणारा लोखंडी सांगाडा सक्तीचा केला. ट्रॅक्टर उलटला तरी चालक त्याच्याखाली चिरडला जाऊ नये म्हणून. तिथे ट्रॅक्टर उलटून होणारे मृत्यू त्यानंतर फार कमी झाले. आपल्या शिवारात आजही बहुतेक ट्रॅक्टर उघडेच दिसतात. उसाच्या हंगामात कोल्हापूर, बेळगाव, बागलकोटच्या रस्त्यांवर दोन-दोन ट्रॉल्या जोडून जाणारे ट्रॅक्टर आपण रोज पाहतो. कडब्याच्या गाड्यांचेही तसेच. कडबा हलका म्हणून आपण तो उंच रचतो. पण तोल बिघडवायला वजन लागतेच असे नाही, उंचीही पुरते.

धारवाडच्या बसगाड्या आणि हुबळीचा तेर

बसगाडीच्या तोलाशी आपल्या गावाचे नाते जवळचे आहे. बसच्या बॉडी बांधण्याचा मोठा कारखाना धारवाडजवळच्या बेलूर औद्योगिक वसाहतीत आहे. टाटा आणि ब्राझीलच्या मार्कोपोलो कंपनीने २००६ मध्ये भागीदारी केली आणि त्यातून तो उभा राहिला. २०२० च्या अखेरीस मार्कोपोलोने आपला वाटा सोडण्याचे ठरवले, पण धारवाडला बस बांधण्याचे काम चालूच आहे. बसची बॉडी बांधणे म्हणजे नुसते पत्रे आणि काचा बसवणे नव्हे. छतावरचे वातानुकूलन यंत्र, टपावर ठेवायच्या बॅटऱ्या, सामानाची जागा, यांतली प्रत्येक गोष्ट गुरुत्वमध्य वर-खाली करते. बॅटऱ्या जमिनीलगत बसवल्या की तीच जड वस्तू बसला खाली धरून ठेवते.

अशा मोठ्या गाड्यांसाठी दुसरी कसोटीही आहे. गाडी एका लोखंडी पाटावर उभी करून पाट हळूहळू एका बाजूला उचलतात. लंडनच्या दुमजली बसगाड्यांची कसोटी प्रसिद्ध आहे. वरच्या मजल्यावर प्रवाशांच्या वजनाइतकी वाळूची पोती ठेवायची, खालचा मजला मोकळा, आणि बस २८ अंश कलेपर्यंत उलटता कामा नये. पाहणाऱ्याला वाटते, आता पडलीच. पण ती पडत नाही, कारण इंजिन, गिअर, ॲक्सल असे सगळे जड भाग खाली असतात. मुंबईत बेस्टच्या दुमजली बस १९३७ मध्ये आल्या. जुन्या डिझेल दुमजली बसची शेवटची फेरी १५ सप्टेंबर २०२३ रोजी झाली. त्याच वर्षी फेब्रुवारीत विजेवरच्या दुमजली बस धावू लागल्या होत्या. वरच्या मजल्यावरच्या पहिल्या बाकावर बसून ज्यांनी मुंबई पाहिली, त्यांनी तोलाची काळजी कधी केली नाही. ती दुसऱ्या कुणीतरी आधीच केली होती.

आणि रथ? शिवरात्रीनंतर हुबळीच्या सिद्धारूढ मठाचा तेर ओढला जातो, तेव्हा आपण सगळे हात जोडून उभे असतो. जुन्या सुतारांनी रथाचा खालचा भाग रुंद, भरीव, जड लाकडाचा ठेवला आणि वरचा डोलारा बांबू, काठ्या व कापडाचा केला. भुईकाटा नसतानाही त्यांना गुरुत्वमध्य कळला होता. पण उंचीची चढाओढ लागली की ते शहाणपण सुटते. बेंगळूरुजवळच्या आनेकल तालुक्यातल्या हुस्कूरच्या मद्दूरम्मा जत्रेत २०२४ मध्ये शंभर फुटांहून उंच रथ कोसळला. २०२५ मध्येही तिथे रथ कोसळला आणि जीवितहानी झाली. भक्ती कमी पडली नव्हती. पाया उंचीला पुरला नव्हता.

घरच्या घरी करून पाहा

भुईकाटा आणि क्रेन प्रत्येकाला मिळणार नाही, आणि खऱ्या गाडीवर हा प्रयोग जाणकाराशिवाय, नुसत्या जॅकवर उचलून कुणीही करू नये. पण मुलांना खेळण्यातल्या टेम्पोवर तो दाखवता येतो.

एक मीटर लांबीची फळी घ्या. तिच्यावर टेम्पो आडवा उभा करा, म्हणजे त्याचे तोंड फळीच्या रुंदीच्या दिशेला. चाक घसरू नये म्हणून खालच्या बाजूला चिकटपट्टीचा बारीक बांध घाला. आता फळीचे एक टोक हळूहळू उचला. टेम्पो कलंडायला लागेल तेव्हा ते टोक जमिनीपासून किती उंच आहे ते मोजा. ४७ सेंटिमीटर झाले म्हणजे २८ अंश, लंडनची दुमजली बस! मग टेम्पोच्या टपावर दोन-चार नाणी चिकटवून परत उचला. तीच नाणी तळाला चिकटवून तिसऱ्यांदा उचला. तीन आकडे वहीत लिहायला सांगा. आमच्या धाकट्याने हे केले आणि दुसऱ्या दिवशी आज्जीला शिकवले, “अज्जी, तूक केळगं इडबेकु.” वजन खाली ठेवायचे. अत्तींनी ते लगेच मान्य केले. “घागरीत पाणी अर्धं असलं की डोक्यावर डुचमळतं, ते मला कुणी शिकवलं नव्हतं,” त्या म्हणाल्या.

प्रवासाला निघताना लक्षात ठेवायच्या गोष्टी थोड्याच आहेत. जड सामान गाडीत पायाशी, हलके वर. टपावर न्यायचेच असेल तर कमी, पसरून आणि घट्ट बांधून, कारण सुटलेले ओझे वळणात एका बाजूला सरकते. कॅरिअरचे काम झाले की तो काढून ठेवावा. तो रिकामाही लोखंडच असतो. टपावर माणूस कधीच बसवू नये. कंपनीने दिलेल्या बांधणीत मनाने बदल करणे मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये बसत नाही, हेही माहीत असावे. आणि गाडी भरलेली असताना वळणाआधीच वेग कमी करावा, वळणात शिरल्यावर नव्हे.

डोंगरावर

पौर्णिमेच्या आदल्या दिवशी पहाटे भावजी गाडी भरत होते. मी काही बोलले नाही. हंडे आणि पोती त्यांनी मधल्या बाकाखाली आणि मागे पायाशी ठेवली. मुले कुरकुरली, पाय दुमडून बसावे लागणार होते. टपावर फक्त अंथरुणे आणि ताडपत्री, तीस किलोच्या आत. मी मनातल्या मनात हिशोब केला. ८१ ऐवजी ७५. कॅरिअर मात्र त्यांनी काढला नाही. तेवढा त्यांचा मान राहू द्यावा, असे मीही म्हटले.

धारवाडहून सौंदत्ती साधारण चाळीस किलोमीटर. अम्मीनभावी मागे पडले, हारोबेळवडी आले. समोरून डोंगरावरून परतणाऱ्या गाड्या येत होत्या. काहींच्या टपावर माणसांइतके उंच सामान. भावजी त्यांच्याकडे बघत होते. यल्लम्मनगुड्डाच्या चढाला पहिले वळण आले, तेव्हा त्यांनी आधीच गिअर बदलला आणि गाडी इतकी सावकाश घेतली की मागच्याने हॉर्न वाजवला.

आपल्या भागात रस्त्याकडेला दोन पाट्या दिसतात. कन्नडमध्ये ‘अवसरवे अपघातक्के कारण’ आणि सीमा ओलांडली की मराठीत ‘अति घाई संकटात नेई’. दोन्ही वेगाबद्दल बोलतात. उंचीबद्दल कुणी पाटी लावत नाही. म्हणून हा लेख.

पुढच्या सीटवर मामा बसले होते. वळण संपले तसे ते भावजींच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, “निधानवे प्रधान, जावईबापू.” मामांना कन्नड एवढेच येते. तेवढे पुरले.